बाल्कनीवाली खोली

आरती : हे बघा अण्णा, हा जहाजाचा नकाशा. हे पुढचं टोक, हे मागचं. आणि ही सगळी छोटी छोटी घरं दिसतायत ना, त्या खोल्या. केबिन म्हणतात. ह्यातली एक आपल्याला निवडायचीय.

श्रीमंत : एवढ्या? ह्ये जहाज हाय का हाऊसिंग सोसायटी?

आरती : मोठंच आहे. मुंबईहून निघतं, गोव्याला थांबतं, लक्षद्वीपला जातं आणि परत मुंबई. पाच दिवस.

श्रीमंत : मग मधली घ्यायची. टोकाची न्हाई. यष्टीत बघ, दोन चाकांच्या मधी बसल्याल्या मानसाला खड्डा कवा आला ते कळत बी न्हाई. शेवटच्या सीटवाल्याचं डोकं टपाला लागतं. सगळी नोकरी मी आरशातनं तेच बघितलंय.

आरती : अगदी तेच म्हणाली रेश्मा, माझ्या ऑफिसातली. ती जाऊन आलीय. मध्यात जहाज कमी हलतं. आणि फार वरची पण नको, आईला गाडी लागते.

श्रीमंत : तिला राहुरी आली की लागती.

छबूबाई : गोळ्या हायेत माझ्याकडं. आरती, ह्या खोलीला खिडकी हाय ना?

आरती : खिडकी नाही आई, बाल्कनी. काचेचं सरकतं दार. ते उघडलं की बाहेर दोन खुर्च्या, एक टेबल आणि कठडा. समोर नुसता समुद्र.

छबूबाई : ती बाल्कनी आपलीच? का शेजारचे पण तिथंच येतात?

आरती : आपलीच. दोन्ही बाजूंना आडोसा असतो. कुणी तुला बघणार नाही.

छबूबाई : बरं हाय. म्हणजे डोक्यावर पदर नसला तरी चालंल.

श्रीमंत : तिला इचार, पानीच बघायचं हाय तर मुळा धरन काय वाईट हाय? राहुरीपासनं रिक्षा जाती.

आरती : अण्णा, ती समोर बसलीय. तुम्हीच विचारा की.

श्रीमंत : तू नकाशा दाव.

छबूबाई : दाव बाई. त्यांना म्हणावं, मी समुद्र बघितल्याला न्हाई. धरण बघितलंय.

आरती : हं. तर ह्या सहाव्या मजल्यावरच्या नकोत. इथं बाल्कनीच्या पुढंच संकटात वापरायच्या होड्या टांगलेल्या असतात. उठून दार उघडायचं आणि समोर होडीचं बूड बघायचं. दहाव्यावरच्याही नकोत. त्यांच्या डोक्यावर पोहण्याचा तलाव आहे, पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज. ह्या इथल्या नकोत, खाली नाचगाण्याचा हॉल.

श्रीमंत : आन् लिफ्टला चिकटून बी नको. ते म्हंजे ष्टँडवर चौकशीच्या खिडकीशेजारी झोपल्यावानी.

आरती : बरोबर. म्हणून ह्या चार राहिल्या. आठवा मजला, मधोमध. वरही खोल्या, खालीही खोल्या. लिफ्ट जवळ, पण चिकटून नाही. ह्यातली कुठलीही घेतली तरी चांगलीच.

छबूबाई : ही घे. ही कोपऱ्यावरची दिसती.

आरती : हो. जहाजाच्या अंगाला तिथं जरा बाक आहे, त्यामुळे बाल्कनी थोडी मोठी मिळते. तुझी नजर चांगलीय गं.

छबूबाई : ब्लाऊज बेतते मी. कापड कुठं जास्त सुटतं ते दिसतं मला.

आरती : मग हीच घेते. आता बेडचं. एकच मोठा असतो, पण आधी सांगितलं तर दोन वेगळे करून देतात. काय सांगू? ... अण्णा?

श्रीमंत : दोन खोल्या घे.

आरती : काय?

श्रीमंत : तिला ही बाल्कनीवाली दे. मला आतली, बिनखिडकीची. असती ना तसली? मला काय, झोपायचंच हाय.

आरती : अण्णा, मग मी हे सगळं कशासाठी करतेय? तुम्हाला जहाज दाखवायला? तुम्ही दोघं एका जागी बसावं म्हणून करतेय. घरी तुम्ही सकाळी भाकरी खाल्ली की निघता आणि ष्टँडवर जाऊन बसता. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, अजून डेपोतल्या बाकावर दिवस काढता. जहाजावरून उठून कुठं जाल?

श्रीमंत : मानसं भेटतात तिथं. बोलाय.

आरती : आणि घरात माणूस नाही? भाजीत मीठ जास्त झालंय हे सांगायला तुम्ही मला पुण्याला फोन करता, अण्णा. मी मीटिंगमधून बाहेर येऊन आईला फोन करते, की अण्णा म्हणतायत मीठ जास्त झालंय. आणि ती तुमच्यासमोर तीन हातांवर बसलेली असते. सहा वर्षं हे चाललंय. माझा पार्थ परवा मला विचारतो, आजोबांना आजी दिसत नाही का?

छबूबाई : जाऊ दे आरती. सवय झालीय मला.

आरती : मला नाही झाली.

श्रीमंत : तुला कळायचं न्हाई. करण तुझा भाऊ हुता. माझा मुलगा हुता.

आरती : तिचा कोण होता?

श्रीमंत : ते तिला इचार. मी मुंबईला गेल्तो फाईल घिऊन, मोठ्या डॉक्टरला दाखवाय. मानूस वाट बघतं. माझ्या माघारी हिनं सही केली. मला एक शब्द न इचारता. मी पुन्याला हॉस्पिटलात पोचलो तवर पोराला आत न्हेल्ता. डोळे काढले, किडन्या काढल्या, लिव्हर काढलं. शिवून दिला मला. पोत्यावानी.

आरती : मेंदू गेला होता त्याचा. दोन वेळा तपासलं होतं डॉक्टरांनी. मशीन होतं म्हणून छाती हलत होती, नाहीतर—

श्रीमंत : हालत हुती ना?

आरती : अण्णा, तीन माणसं जगली.

श्रीमंत : माझं एक मेलं.

आरती : करणची मोटरसायकल आईनं घसरवली नव्हती. बाभळेश्वरच्या पुढं रस्त्यावर मुरूम पडला होता, त्यावरून घसरली. हे तुम्हाला पण माहितीय.

श्रीमंत : मी गाडीचं बोलतच न्हाई. मी सहीचं बोलतोय. तुला एका खोलीत झोपवायचंय आमाला, समुद्रात, बाल्कनी लावून. झोप तरी लागंल का मला? पोटच्या पोराला कापायला देताना जिचा हात कापला न्हाई, तिला मला कठड्यावरनं ढकलायला किती वेळ लागतोय?

आरती : अण्णा!

छबूबाई : ओरडू नको. पार्थ झोपलाय आत.

आरती : आई, तू ऐकून घेऊ नकोस आता. ह्यांना काहीतरी बोल.

छबूबाई : बोलते. आज बोलतेच. अहो, इकडं बघा. नकाशाकडं नको, माझ्याकडं. त्या दिवशी तुमी मुंबईला त्या मोठ्या डॉक्टराकडं पोचलात. फाईल दाखवली. ते काय म्हणाले?

श्रीमंत : आरती, मी जरा ष्टँडवर जाऊन येतो.

छबूबाई : बसा. काय म्हणाले ते डॉक्टर?

आरती : आई, काय म्हणाले?

छबूबाई : त्यांनी फाईल बघितली आन् तिथनंच पुण्याच्या आपल्या डॉक्टरांना फोन लावला. आपले डॉक्टर तवा माझ्यासमोरच हुते. करणच्या खाटेपाशी. मी त्याचे पाय चोळत हुते. फोन झाला आन् डॉक्टर मला म्हणाले, बाई, तुमचे मिस्टर तिथं बसलेत. त्यांना सगळं समजावून सांगितलंय. आता काही राहिलेलं न्हाई, हे त्यांना पटलंय. अवयव द्यायचं पण विचारलं त्यांना. ते म्हणाले, माझी हरकत न्हाई. मिसेस तिथंच हाय, ती सही करंल.

आरती : कोण म्हणालं? अण्णा म्हणाले?

छबूबाई : मला वाटलं, डॉक्टर काहीतरी चुकत असतील. मी म्हणलं, मला बोलू द्या ह्यांच्याशी. तर त्यांनी परत फोन लावून पुढं केला. मी म्हणलं, अहो. पलीकडनं कुणी बोललं न्हाई. नुसता श्वास ऐकू येत हुता. हा श्वास मला ठावा हाय. ह्या श्वासाशेजारी मी जन्म काढलाय. मी परत म्हणलं, अहो, काय करू? तर फोन ठेवला.

आरती : अण्णा, हे खरं आहे?

छबूबाई : मग मी दर थोड्या वेळानं ह्यांच्या मोबाईलवर लावत राहिले. बंद येत हुता. डॉक्टर म्हणाले, किती थांबायचं? तुझे दिवस भरत आले हुते, तुला कळवायचं न्हाई असं ठरलं हुतं. दीर खाली हॉस्पिटलच्या कँटीनला गेले हुते. मी एकटी हुते. पाय गरम हुते त्याचे, आरती. ताप आलेल्या पोराचे असतात तसे. गरम पायाच्या पोराला मेलं म्हणून सही करायची. ती बाई बोट ठेवून दाखवत हुती, हितं करा, आन् हितं करा.

(आतल्या खोलीत पार्थ कूस बदलतो.)

आरती : अण्णा. मी तुम्हाला विचारतेय.

श्रीमंत : फोनवर मी काय बोललो ते... ध्यानात न्हाई माझ्या.

छबूबाई : हाय.

श्रीमंत : डोकं ठिकाण्यावर नव्हतं.

छबूबाई : माझं हुतं?

आरती : म्हणजे तुम्हाला माहिती होतं. सगळं माहिती होतं. आणि तुम्ही सकाळी येऊन सगळ्या भावकीसमोर ओरडलात, की माझ्या माघारी हिनं पोराला विकलं. दशक्रियेला आत्या आईच्या शेजारी बसल्या नाहीत. नेवाशाच्या काकूंनी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. श्रीरामपुरात कुणी ब्लाऊज शिवायला टाकेना, का तर म्हणे ती तसली बाई. मी... मी स्वतः तिला विचारलं होतं, आई, तू अण्णांसाठी थांबायला नको होतंस का? आई, मी तुला विचारलं होतं हे. बाळंतिणीच्या खाटेवरून.

छबूबाई : विचारलं हुतंस.

आरती : तेव्हा का नाही सांगितलंस?

छबूबाई : काय सांगू? हे भिंतीवर डोकं आपटून घेत हुते. मला वाटलं, ह्या माणसाला कुणावर तरी राग काढायला पाहिजे, न्हाईतर हे जगायचे न्हाईत. माझ्यावर काढू दे. चार-आठ दिवसांनी शांत होतील, मग आपणहून म्हणतील, छबू, मी बोललो हुतो फोनवर. मग वर्षश्राद्ध झालं. मग तुझ्या पार्थचं जावळ झालं. मग हे रिटायर झाले. मी रोज ताट वाढताना म्हणायचे, आज बोलतील. ह्यांनी ते ताट कधी परत केलं न्हाई, एवढं मात्र खरं.

श्रीमंत : छबू.

आरती : अण्णा...

श्रीमंत : मी मुंबईत न्हवतो गं. तू फोन लावत हुतीस तवा मी मुंबईत न्हवतो. दादरला गाडीत बसलो, शिवाजीनगरला उतरलो. दिवस मावळायच्या आत पुन्यात पोचल्तो. हॉस्पिटलच्या समोर ती चहाची टपरी न्हाई का, तिथं बाकड्यावर बसलो. वर तुमचा मजला दिसत हुता. लाईट दिसत हुती. मला रस्ता वलांडून यायचा हुता निस्ता. लई वेळा उठलो. जमलं न्हाई. त्याला तसं मला बघवलं नसतं, छबू.

छबूबाई : आन् मला बघवलं, असं वाटलं तुमाला?

श्रीमंत : न्हाई.

छबूबाई : समोर हुतात. मला वाटत हुतं, तुमी मुंबईत कुठंतरी रस्ता चुकलात. मला तुमची काळजी लागली हुती. एका डोळ्यानं पोराकडं बघत हुते आन् एका डोळ्यानं दाराकडं. आन् तुमी समोर चहा पीत हुतात.

श्रीमंत : चहा न्हाई घेतला.

छबूबाई : मग काय घेतलंत, ते तरी सांगा.

श्रीमंत : पानी बी न्हाई.

छबूबाई : मेंदू गेला त्याचा, ते माझ्या हातात न्हवतं. सही केली, त्याचं मला अजून वाईट वाटत न्हाई. परत करायला लागली तर परत करीन. पण दोघांनी करायची ती सही हुती. तुमचा हात न्हवता, मी चालवून घेतलं असतं. तुमी माझा हात तेवढा चार लोकांत वर करून दाखवलात.

श्रीमंत : मी... मी सांगतो भावकीला. उद्याच सांगतो. नेवाशाला जातो, तिथं सगळ्यांना बलवतो. बहिनीला सांगतो.

छबूबाई : आता कशाला? त्या काकू वारल्या. तुमच्या बहिणीला ऐकू येत न्हाई. तरण्या सुनांना करण कोण हेच ठाऊक न्हाई. कुणाला सांगणार तुमी?

श्रीमंत : तुला तरी...

छबूबाई : मला पहिल्यापासनं ठावं हाय.

आरती : आई, पाणी पी जरा.

छबूबाई : नको.

आरती : मी हे बंद करते. लॅपटॉप. चूक माझीच, मला वाटलं समुद्रावर गेलात की होईल काहीतरी. माझंच डोकं.

छबूबाई : बंद करू नको.

आरती : आता कसलं जहाज, आई?

छबूबाई : का? मी समुद्र बघितल्याला न्हाई, ते काय ह्यांच्या बोलण्यानं बदललं? ती आठव्या मजल्यावरची खोली अजून हाय ना? का गेली?

आरती : आहे. हिरवी दिसतेय.

छबूबाई : एकटीला देतात?

आरती : देतात. खोली एकाची असो की दोघांची, त्यांना फरक नाही. पण तू एकटी? तुला राहुरीपलीकडं एकटीला कधी पाठवलं नाही कुणी. मी येते तुझ्याबरोबर. पार्थला त्याच्या बाबाकडं ठेवते.

छबूबाई : तू नको. तू आलीस तर दिवसभर माझ्या तोंडाकडं बघशील, आई बरी हायेस ना, आई बरी हायेस ना. मला बरं व्हायचं न्हाई. मला त्या खुर्चीत बसायचंय. कुणाच्या जेवणाची वेळ झाली, कुणाला मीठ लागलं, कुणी ऐकतंय का, कुणी न्हाई ऐकत, काही नको.

आरती : आणि गाडी लागली तर?

छबूबाई : लागली तर ओकीन. बाल्कनी आपलीच हाय म्हणालीस ना?

श्रीमंत : छबू, मी... मी येऊ का? आतल्या खोलीत राहीन. बिनखिडकीच्या. तुला तरास द्यायचो न्हाई. जेवायला तेवढं येत जाईन.

छबूबाई : न्हाई.

श्रीमंत : बोललो की आता मी.

छबूबाई : बोललात. ऐकलं मी. सहा वर्षांपूर्वी त्या फोनवर बोलला असतात, एवढंच जरी म्हणला असतात, की छबू, कर सही, मी हाय... तर मी बिनखिडकीच्या खोलीत पण सुखानं राहिले असते तुमच्यासंगं. आता मला एकटीला जाऊ द्या. तुमच्यासंगं मी फार एकटी राहिले. जरा माझी मी एकटी राहून बघते.

श्रीमंत : आन् मी काय करू पाच दिवस?

छबूबाई : डबा शेजारच्या चंद्रभागाबाईंकडं सांगून ठेवते. न्हाईतर ष्टँडवर कँटीन हाय.

आरती : अण्णा, तुम्ही बसा. उभे कशाला राहिलात? बसा ना खाली.

श्रीमंत : न्हाई. मी... पार्थला उठवतो. त्याला दूध द्यायचं हुतं.

आरती : झोपू दे त्याला.

श्रीमंत : मग मी जरा भाईर थांबतो. पायरीवर. कुठं जात न्हाई. हितंच हाय.

छबूबाई : थांबा. दार लोटून घ्या, डास येतात.

आरती : गेले. आई... माझ्यावर राग आहे तुझा?

छबूबाई : हुता. पार्थला मांडीवर घेतलं तवा गेला. तू भर ते सगळं. माझ्यासमोर भर, मला बघू दे.

आरती : जेवण शाकाहारी टाकते. बेड एकच मोठा राहू दे?

छबूबाई : राहू दे. आडवी-तिडवी झोपेन.

आरती : आता नाव. आधारवर आहे तसंच लागतं, एक अक्षर इकडं-तिकडं चालत नाही.

छबूबाई : मग तसंच टाक. छबूबाई श्रीमंत धुमाळ. आमच्या आधारवर एकटीचं नाव कुठं असतंय.